समुद्री टाकी मोठी करायची आहे? बडोद्याच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन फुटांची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यात कोरल, म्हणजे प्रवाळ, आणि मासे सांभाळायची टाकी) वर्ष-दोन वर्षं नीट चालली, क्लाउनफिशची जोडी स्थिरावली, मशरूम कोरलची पिल्लं खडकभर पसरली, की चार फुटांची टाकी डोळ्यांसमोर येऊ लागते. बडोद्यात हा छंद असलेली मराठी घरं आता बरीच आहेत आणि सगळीकडून प्रश्नही साधारण तेच येतात. माझं मत आधीच सांगते: इथे टाकीचं माप ठरवताना आधी मे महिना डोळ्यांसमोर आणावा, दिवाणखान्याची भिंत त्यानंतर. खालची बहुतेक उत्तरं याच विचारातून आलेली आहेत.

मोठी टाकी सांभाळायला सोपी असते म्हणतात. खरं का?

पाण्यापुरतं खरं आहे. सव्वाशे लिटरमध्ये एखादा मासा खडकामागे मेला आणि लक्षात आलं नाही, तर अमोनिया झपाट्याने चढतो. पाचशे लिटरमध्ये तेवढाच अमोनिया चौपट पाण्यात विरतो आणि खडकातले जिवाणू त्याला पुरे पडतात. तापमान आणि खारटपणाही सावकाश हलतात.

मेहनत मात्र वाढते. पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर पूर्वी एक बादली पुरायची, आता पन्नास लिटर आरओ पाणी गाळा, त्यात मीठ कालवा, ते ढवळत ठेवा आणि वाहून न्या. मोठ्या टाकीत बिघाड हळू होतो, तसा तो निस्तरायलाही वेळ लागतो. नायट्रेट (घाणीतून साठणारा क्षार) पन्नास पीपीएमवर गेलं असेल तर एका पाणीबदलाने ते खाली येत नाही.

मग किती मोठी घ्यावी?

लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणा आणि आलेल्या आकड्याला २८ने गुणा; लिटर मिळतात. ४×२×२ म्हणजे १६ घनफूट, सुमारे साडेचारशे लिटर. ३×२×१.५ म्हणजे अडीचशे लिटर.

उंचीचा मोह टाळा. दोन फुटांपेक्षा उंच टाकीत हात तळापर्यंत पोचत नाही, काच जाड लागते आणि दिवाही महाग लागतो. रुंदी मात्र जितकी मिळेल तितकी घ्या, कारण खडकाची रचना खुलते ती रुंदीत. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि टाकीच्या खोलीत दुपारी एसी लावणं शक्य नसेल, तर माझ्या मते तीन फुटांची टाकी पुरेशी आहे. तिच्यातही अतिशय देखणा रीफ होतो.

मोठ्या टाकीत कोणतीही कोरल ठेवता येतील ना?

नाही. खरेदीआधी वाचायचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

भारतात रीफ बांधणारी सगळी कठीण कोरल, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया गटातली सगळी, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. २००१ साली ती अनुसूचीत आली. काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सगळे समुद्रपंखेही त्याच यादीत आहेत. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्यासुद्धा. दुकानात टॉर्च, हॅमर, ब्रेन, ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा, गोनिओपोरा या नावांनी जे दाखवतात ते सगळं कठीण कोरलच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. शिवाय २०२२च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय सायटिस करारातल्या प्रजातीही या कायद्यात आल्या. त्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला केंद्रीय पर्यावरण आणि वन मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्यामुळे ‘हे इंडोनेशियाचं आहे, इथलं नाही’ हे दुकानदाराचं तोंडी आश्वासन काही कामाचं नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी मला दुसरं कारण अधिक मोठं वाटतं. आपल्याच राज्यात, जामनगरजवळ कच्छच्या आखातात, देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. नरारा आणि पिरोटन इथे ओहोटीला गुडघाभर पाण्यात चालत कोरल बघता येतं. ज्याने ते एकदा पाहिलं आहे त्याला उपटून आणलेलं कोरल विकत घ्यावंसं वाटणार नाही. तिथून साधा दगडसुद्धा उचलू नका.

लेदर कोरल, सिन्युलॅरिया, मशरूम, झोअँथिड, झेनिया ही मऊ कोरल त्या यादीत नाहीत. ओळखीतल्या छंदिष्टाने आपल्या टाकीत वाढवलेले तुकडे घेणं सगळ्यात उत्तम. फक्त मऊ कोरलची चार फुटी टाकी म्हणजे कमी प्रतीची, असा एक समज आहे. तो मला अजिबात मान्य नाही. पूर्ण उघडलेलं, ताटाएवढं लेदर कोरल प्रवाहात डोलताना बघा.

खडक कुठून आणायचा? लाइव्ह रॉक मिळतो का?

समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक म्हणजे कोरलचाच सांगाडा, म्हणून तो टाळा. सिरॅमिकचा किंवा मत्स्यालयासाठी बनवलेला सिमेंटचा कोरडा खडक घ्या आणि एक-दोन महिने आधीपासून जुन्या टाकीच्या सम्पमध्ये (खाली स्टँडमध्ये बसवलेल्या जोडटाकीत) भिजत ठेवा. त्यावर जिवाणूंची वस्ती होते आणि नवी टाकी कोऱ्या पाटीने सुरू होत नाही.

आमचं घर दांडिया बाजारातलं जुनं आहे, वरच्या मजल्याला लाकडी तुळया आहेत. टाकी चालेल का?

वरच्या मजल्यावर चालणार नाही. ४×२×२ची टाकी, तिची बारा मिलिमीटर काच, खडक, वाळू, सम्प आणि स्टँड मिळून वजन सातशे-साडेसातशे किलोपर्यंत जातं आणि ते सगळं पाऊण चौरस मीटर जागेवर येतं. आरसीसी घराचा स्लॅबसुद्धा साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलो वापरभार धरून बांधलेला असतो. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो. पण टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता बीमवर किंवा भार घेणाऱ्या भिंतीलगत ठेवावी आणि चार फुटांच्या पुढे जायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवावं. त्याची फी काचेच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते. जुन्या वाड्यात तळमजल्याची फरशी हीच जागा.

आणखी एक: गच्चीखालच्या मजल्यावर राहत असाल तर उन्हाळ्यात स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. पश्चिमेची भिंतही तशीच. या दोन्हींपासून टाकी लांब हवी.

टाकी तयार घ्यावी की बनवून घ्यावी?

बनवून घेणं स्वस्त पडतं आणि मापही मनासारखं मिळतं. भोकं पाडायची असतील तर काच टफन केलेली नको. टफन काचेला नंतर भोक पाडायला गेलं की तिचा चुरा होतो. सिलिकोनला निदान आठवडाभर सुकू द्या, व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला पाहिजे. मग बनवणाऱ्याकडेच काठोकाठ पाणी भरून तीन-चार दिवस ठेवायला सांगा. घरी आणल्यावर सपाटी पाण्याच्या लेव्हलने बघा आणि काचेखाली थर्माकोलची शीट द्या. लोखंडी स्टँड असेल तर पावडर कोटिंग हवंच, कारण खारं पाणी वेल्डिंगच्या सांध्यापासून गंज चढवतं.

मे महिन्यात पाणी थंड कसं ठेवायचं? पंख्यावर भागेल का?

एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस अंश असतात आणि बंद खोलीत दुपारी पस्तीसच्या आसपास. टाकीला हवे २५-२६. अठ्ठावीसपर्यंत बहुतेक जीव सोसतात; तीसच्या पुढे मऊ कोरल आक्रसतात आणि पाण्यात प्राणवायू कमी राहतो. मासे वर येऊन तोंड उघडू लागतात ते त्यामुळेच.

पाण्यावर पंखा मारला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. एप्रिलच्या कोरड्या हवेत हे छान चालतं. जून संपता संपता हवेत दमटपणा भरला की तोच पंखा फक्त वारा घालतो, पाणी थंड होत नाही; आणि बडोद्यात जुलै-ऑगस्टमधल्या उघडिपीचे दिवस चांगलेच उकाड्याचे असतात. म्हणून मोठ्या टाकीसाठी पंखा हा मदतनीस समजा, मुख्य व्यवस्था नव्हे.

मुख्य व्यवस्था म्हणजे चिलर. खोक्यावर जेवढे लिटर लिहिलेले असतात ते सौम्य हवेसाठी असतात, तेव्हा आपल्या माणसाने एक माप वरचं घ्यावं. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो, हे लक्षात न घेता पुष्कळ जण तो स्टँडच्या बंद कपाटात ठेवतात. मग त्याने सोडलेली गरम हवा तोच परत ओढतो आणि दिवसभर धापा टाकत चालतो. त्याला खिडकीजवळ किंवा सावलीच्या बाल्कनीत जागा द्या, मागे-पुढे फूटभर मोकळं सोडा आणि जाळीवरची धूळ महिन्याला झाडा.

खोलीत एसी दुपारी चालतच असेल तर चिलरवरचा भार खूप उतरतो. पण खिडक्या-दारं सतत बंद राहिली की खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच ७.८पर्यंत घसरतो. तेवढा चालतो, त्यासाठी बाटल्या ओतत बसू नका. स्किमरची (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या यंत्राची) हवा घेणारी नळी खिडकीबाहेर काढली की बराच फरक पडतो.

पंपांकडेही बघा. पाण्यातला पंप जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन पाण्यात उतरते. जुना ऐंशी वॉटचा पंप काढून तीस वॉटचा डीसी पंप लावणं हासुद्धा थंड करण्याचाच उपाय आहे.

इथे हिवाळ्यात हीटर लागतो का?

लागतो. जानेवारीतल्या रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो. एका मोठ्या हीटरऐवजी दीडशे-दोनशे वॉटचे दोन घ्या. एक चालू स्थितीत अडकला तरी सगळं पाणी तापवू शकत नाही आणि एक बंद पडला तर दुसरा तग धरतो.

वीज गेली तर किती वेळ आहे हातात?

तापमानाची धास्ती आधी वाटते, पण खरा धोका प्राणवायूचा. प्रवाह थांबला आणि मासे भरपूर असले तर काही तासांत श्वास कोंडतो. म्हणून इन्व्हर्टरवर सगळ्यात आधी वेव्हमेकर (टाकीत प्रवाह ठेवणारा पंप), मग जमलं तर रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर चढवणारा). दीडशे ॲम्पिअर-अवरची बॅटरी चांगल्या अवस्थेत असेल तर चाळीस वॉटचा भार जवळजवळ दिवसभर ओढते. त्याच बॅटरीवर चिलर लावला तर तीन-चार तासांत ती बसते, आणि चिलर सुरू होतानाचा धक्का छोट्या इन्व्हर्टरला झेपतही नाही. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा. शिवाय सेलवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या.

उन्हाळ्यातल्या लांब खंडासाठी फ्रीझरमध्ये पाण्याच्या लिटरच्या बाटल्या गोठवून ठेवा. हिशेब सोपा आहे: पाचशे लिटर पाणी एका अंशाने उतरवायला चार-पाच बाटल्या लागतात. बाटली बंद असू द्या, बर्फ थेट टाकला तर खारटपणा उतरतो.

उत्तरायणाला मांजा तारांवर अडकून वीज जाते हा सगळ्यांचा अनुभव आहे. १४ आणि १५ जानेवारीला टाकीचं कोणतंही मोठं काम काढू नका.

विश्वामित्रीच्या पुराचं काय? आम्ही तळमजल्यावर राहतो.

नदीजवळच्या वस्तीत तळमजल्यावर मोठी रीफ टाकी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४, दोन्ही वेळा शहराने काय पाहिलं ते सगळ्यांना आठवत असेल. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. टाकी उंच स्टँडवर असली तरी सम्प, प्लग आणि चिलर खालीच असतात. गढूळ पाणी सम्पमध्ये शिरलं की वरच्या टाकीचाही निकाल लागतो.

पाणी फक्त पायरीपर्यंत येण्याची शक्यता असेल तर सगळे सॉकेट टाकीच्या वरच्या काठापेक्षा उंच घ्या आणि सम्प चौथऱ्यावर ठेवा. मासे हलवायची वेळ आलीच तर घाई होऊ नये म्हणून झाकणवाले दोन क्रेट आणि तो सेलवरचा एअर पंप एका जागी तयार असू द्या.

विजेचं फिटिंग कसं असावं?

टाकीसाठी वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). यात तडजोड नको. खाऱ्या पाण्यात हात घालायचा आहे. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाऊ द्या, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत ओघळत नाहीत. मिठाचे पांढरे पापुद्रे प्लगवर दिसले की त्याच दिवशी पुसा.

नळाचं पाणी चालेल का? घरचा आरओ आहेच.

नुसतं नळाचं चालत नाही. महीचं असो की आजव्याचं, त्यात क्लोरीन असतं आणि शेवाळाला खाद्य होईल असं बरंच काही असतं. शहराच्या कडेच्या सोसायट्यांत बोअरचं पाणी त्याहून जड.

घरच्या पिण्याच्या आरओमध्ये एक गोम आहे. चव यावी म्हणून त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ॲडजस्टर किंवा मिनरलचं काडतूस असतं, म्हणजे गाळलेल्या पाण्यात पुन्हा क्षार मिसळतात. टाकीसाठी मेंब्रेननंतर लगेच नळी काढून घ्या आणि पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचं) काडतूस जोडा. मीटरवर टीडीएस शून्य दिसलं पाहिजे. तीन-चार दिसू लागलं की रेझिन बदलायची वेळ झाली. मोठ्या टाकीला पाणी भरपूर लागतं, तेव्हा वाया जाणारं पाणी पिंपात साठवून फरशीला आणि धुण्याला वापरा.

समुद्र दोन-तीन तासांवर आहे. तिथूनच पाणी आणलं तर मिठाचा खर्च वाचेल ना?

आपल्याला जवळ आहे तो खंभातचा आखात. तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जातो. मही, साबरमती, नर्मदा, तापी यांचा गाळ त्या पाण्यात सतत ढवळत राहतो, आणि बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी वाहून नेणारा कालवाही तिकडेच जातो. ते पाणी रीफ टाकीच्या कामाचं नाही.

मिठागरातलं मीठही नको. मिठागरात मुख्यतः सोडियम क्लोराइड तेवढं खाली बसतं, मॅग्नेशियम मागच्या पाण्यात राहून जातं. मत्स्यालयाचंच सॉल्ट मिक्स घ्या. पाचशे लिटरला अठरा ते वीस किलो लागतं. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर गोळे होतात, म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवा.

खारटपणा, म्हणजे पाण्याचं विशिष्ट गुरुत्व, १.०२५ ते १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही. ३५ पीपीटीच्या (हजारात पस्तीस भाग क्षार असलेल्या) द्रावणावर जुळवून घ्या.

बाष्पीभवन झालेलं पाणी रोज भरायचं?

उन्हाळ्यात पंखा चालू असताना चार फुटी टाकीतून दिवसाला पाच ते दहा लिटर उडतं. मीठ मागेच राहतं, म्हणून भर गोड्या आरओ पाण्याचीच. ऑटो टॉप-ऑफ (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारी सोय) लावा. पावसाळा लागला की तोच खप एकदम घटतो, त्याचं नवल वाटू देऊ नका.

सम्प केवढा हवा?

स्टँडमध्ये मावेल तेवढा मोठा. पण एक चाचणी पहिल्याच दिवशी करा: सगळं चालू असताना मेन स्विच बंद करा आणि वरून उतरणारं पाणी सम्पमध्ये मावतं का ते उभं राहून बघा. मावलं नाही तर सम्पमधली चालू पातळी कमी करा. जिथपर्यंत चालेल तिथे पट्टीने खूण करून ठेवा. परतीच्या पाइपाला सायफन तुटण्यासाठी भोक पाडतात, पण ते शेवाळाने बुजतं. त्याच्या भरवशावर फरशी सोडू नका.

जुन्या टाकीतलं काय काय नव्या टाकीत न्यायचं?

खडक सगळा न्या, खरी संपत्ती तीच. पाणी अर्धं न्या, तेही स्वच्छ असेल तर. जिवाणू पाण्यात फारसे नसतात, पण ओळखीचं पाणी कोरलला सोपं जातं.

वाळू नेऊ नका. दोन वर्षांच्या वाळूत खाली घाण आणि हायड्रोजन सल्फाइड दबलेलं असतं. ती ढवळून नव्या टाकीत ओतली की मासे रात्रीतून जाऊ शकतात. नवी वाळू घ्या, नितळ होईपर्यंत धुवा आणि हवं तर वरच्या थरातली वाटीभर जुनी तिच्यावर पसरा.

कोणत्या महिन्यात हलवावं?

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. हवा सौम्य असते, पाणी तासभर क्रेटमध्ये राहिलं तरी तापत नाही, आणि उन्हाळा येईपर्यंत नव्या टाकीला दोन-तीन महिने मिळतात. एप्रिलमध्ये टाकी बनून आली तरी कोरडी ठेवा, किंवा नुसतं पाणी आणि खडक घालून चालवा. जीव हलवायची घाई नको.

हलवण्याच्या दिवशी क्रम काय?

नवी टाकी त्याआधीच भरलेली, फिरणारी आणि २५-२६ अंशांवर असली पाहिजे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, खारटपणा जुन्या टाकीइतकाच. हे जुळलेलं नसेल तर दिवस पुढे ढकला. सगळं तयार असताना हलवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. तयारी अर्धवट असेल तर रात्र होते आणि थकलेल्या हातून नको ते होतं.

सकाळी लवकर सुरू करा, आदल्या दिवशी माशांना खाऊ घालू नका. आधी जुन्या टाकीतलं स्वच्छ पाणी पिंपात काढा. मग मोकळी कोरल क्रेटमध्ये, मग खडक, प्रत्येक खडक पाण्याखालीच राहील असा. त्यावरच्या स्पंजना हवा लागली तर ते मरून कुजतात. मासे शेवटी. खडक असताना जाळी घेऊन त्यांच्यामागे धावणं म्हणजे त्यांना उगाच दमवणं. खडक निघून पाणी वीतभर राहिलं की ते आपोआप हातात येतात. माशांच्या क्रेटमध्ये एअर स्टोन, वर झाकण.

नव्या टाकीत आधी खडक, पाणी निवळल्यावर कोरल, मग मासे. त्या दिवशी दिवे बंद. पुढे दिवा निम्म्यावर सुरू करून तीन-चार आठवड्यांत चढवा, कारण नवा दिवा बहुधा जुन्यापेक्षा प्रखर असतो. लेदर कोरल आठवडा-दोन आठवडे मिटून राहील, वर मेणासारखा पापुद्रा येईल. तो कात टाकतो आहे; त्याला प्रवाह द्या आणि हात लावू नका.

झोअँथिड विषारी असतात म्हणे?

काही असतात, विशेषतः पॅलिथोआ. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन अतिशय तीव्र विष आहे. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा, कापताना पिचकारी डोळ्यांत उडते. त्यांचा खडक कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, कोरडा घासू नका. वाफेतून आणि धुळीतून विष श्वासात जातं आणि घरातले सगळे आजारी पडू शकतात. मुलांना आणि आजी-आजोबांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा.

महिन्याभरात सगळीकडे तपकिरी थर आला. काय चुकलं?

काही नाही. डायटम (एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ) आहेत, नव्या टाकीत येतातच आणि काही आठवड्यांत ओसरतात. गोगलगायी सोडा, काच पुसा. या काळात औषधं घालू नका.

डोसिंग पंप (क्षारांचं द्रावण ठरावीक मापाने सोडणारा) घ्यावा का?

मऊ कोरलच्या टाकीत कॅल्शियम फारसं खर्च होत नाही. अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) आठ-नऊ डीकेएच, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, मॅग्नेशियम १३०० पीपीएम. नियमित पाणीबदलाने हे टिकतं. ते पैसे चिलरसाठी ठेवा.

आता निळा टँग घेता येईल?

मुलांचा पहिला हट्ट हाच असतो. तो मासा तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि सतत लांब पोहतो. चार फुटांत त्याचे हाल होतात. सहा फुटांच्या खाली नकोच. क्लाउनफिशची जोडी, फायरफिश, गोबी, एखादा छोटा रास एवढ्यातही टाकी भरलेली दिसते. क्लाउनफिश हॅचरीतलेच मागा; ते आपल्या देशात पैदास होतात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलं आहे.

नवे मासे महिन्यात एक-दोन करून आणा, जिवाणूंची संख्या खाण्याबरोबर वाढू द्या.

जुनी टाकी विकून टाकू?

ठेवा. ती क्वारंटाइन टाकी होते. प्रत्येक नवा मासा चार ते सहा आठवडे तिच्यात राहू दे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मोठ्या टाकीत शिरला की त्यावरचं औषध, म्हणजे तांबं, वापरता येत नाही, त्याने कोरल आणि झिंगे मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवणं एवढाच खात्रीचा मार्ग उरतो. ज्या टाकीत तांबं घातलं तिच्यातलं काहीही रीफमध्ये परत नेऊ नका.

वीजबिल किती वाढेल?

चार फुटी टाकीचा मे महिन्यातला खप चिलर धरून दिवसाला सहा-सात युनिट पकडा, म्हणजे महिन्याला दोनशेच्या घरात. हिवाळ्यात निम्म्याच्या आसपास. आधी घरात बोलून घ्या.

उदबत्ती, धूप, पेस्ट कंट्रोल चालतं का?

रोजची एखादी उदबत्ती दुसऱ्या टोकाला चालते. गणपतीत दहा दिवस धूप असेल तर स्किमरची नळी खिडकीबाहेर काढा. झुरळांचा फवारा, डासांचा स्प्रे आणि दिवाळीआधीचा रंग यांपासून टाकी झाका आणि स्किमर बंद ठेवा. झिंगे सगळ्यात आधी जातात. सम्पमध्ये कार्बनची पिशवी टाकून ठेवा.

सुट्टीत आठवडाभर पुण्याला जायचं असतं. टाकी कोण बघणार?

शेजाऱ्यांना टाकी शिकवायला जाऊ नका, कामं कमी करा. खाणं रोजच्या मापाने पुड्यांत बांधून ठेवा आणि डबा कपाटात बंद करा, कारण प्रेमाने जास्त घातलेल्या खाण्यानेच पाणी बिघडतं. टॉप-ऑफची टाकी काठोकाठ भरा. तापमान फोनवर दाखवणारा कंट्रोलर असेल तर २८ अंशांचा अलार्म लावा. शेजाऱ्यांना दोनच गोष्टी बघायला सांगा: पाणी हलतंय का आणि चिलरवरचा आकडा. आकडा चढला तर फ्रीझरमधल्या बाटल्या कुठे आहेत आणि सम्पमध्ये कुठे सोडायच्या, ते जाण्याआधी एकदा त्यांच्या हाताने करून घ्या. मे महिन्यात आठवड्यापेक्षा जास्त जायचं असेल तर मात्र टाकीची माहिती असलेलं कुणीतरी दिवसाआड घरी येऊन गेलं पाहिजे.